लाल कड्यावरचा दोर

हाल्डमाट, सोमवार, २५ मार्च १८५०

मॉरित्झदादा,

येशूची स्तुती असो. तुझ्या बहिणीची, फिलोमेनाताईची पत्रं मीच लिहितो, पण ती तिची असतात. हे माझं स्वतःचं आहे, म्हणून आधी पाटीवर लिहून मग कागदावर उतरवतो आहे.

नव्या सरकारने देशभर माणसं मोजायला सांगितली. आपल्या म्हाताऱ्या कारकुनाला आता दिसत नाही, त्यामुळे मोजणी माझ्याकडे आली. मी तीनदा मोजलं. पहिल्यांदा एकशे चव्वेचाळीस झाले, कारण सुताराच्या बायकोने पोटातलंही सांगितलं. खरा आकडा एकशे त्रेचाळीस. त्या कागदात ‘बाहेरगावी’ असा एक रकाना आहे. त्यात मी लिहिलं: बिट्टेल मॉरित्झ, वय छत्तीस, नेपल्सच्या राजाच्या पलटणीत, अकरा वर्षं. ते खरंच आहे. पण काल, झावळ्यांच्या रविवारी, प्रार्थनेनंतर देवळासमोर यादी मोठ्याने वाचावी लागली.

इग्नाझ रुप्पेन म्हणाला, “बिट्टेलांचं पुन्हा वाच रे.”

मी वाचलं.

“म्हणजे थोरला बिट्टेल नोव्हेंबरात मेला. घरात पुरुष किती?”

“एक, काका.”

“कुठे आहे?”

“बाहेरगावी.”

“मग यंदा दोराला लटकणार कोण? फिलोमेनाचा परकर?”

लोक हसले. ताई म्हणाली, “माझा परकर तुझ्या तिन्ही पोरांपेक्षा जास्त वजन पेलतो, इग्नाझ.” लोक आणखी हसले. रुप्पेन हसला नाही. तो थुंकला आणि म्हणाला, “दोराच्या सोमवारी बिट्टेलांचा पुरुष कड्यावर नसेल, तर काठीवर चाकू चालवायचा.”

जिल्ह्याने मोजणीबरोबर गावाचं वर्णनही मागितलं आहे: इतिहास, भूगोल, लोकसंख्या. पाटाबद्दल मी असं लिहिलं आहे. शब्द तपासून घे.

‘गावात पाऊस कमी. पाणी हिमनदीपासून लाकडी पन्हळींतून लाल कड्यावरून येते. घराघराच्या पाणीपाळ्या एका काठीवर खुणांनी कोरलेल्या आहेत. दरसाल दोराच्या सोमवारी प्रत्येक खुणेच्या घरातून एक पुरुष दोराने कड्यावर उतरून पन्हळी दुरुस्त करतो. त्याचा दोर काठीवरच्या पुढच्या खुणेचा माणूस हाताने धरतो. झाडाला बांधत नाहीत. ज्या घरातून कोणी उतरत नाही त्याची खूण तासतात व त्याचे पाणी पुढच्या खुणेला जाते. ज्याच्या हातून दोर सुटतो त्याचीही खूण तासतात.’

तुमच्या कावळ्याच्या पायानंतरची खूण रुप्पेनचा विळा आहे, हे तुला सांगायला नको. गुरुवारचं पाणी गेलं तर ताईचं कुरण जुलैत करपेल, गाय जाईल, आणि ताई रुप्पेनच्या स्वयंपाकघरात भांडी घासेल. ‘बाहेरगावी’ हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी म्हटलं नव्हतं. मी लिहिलं आणि वाचलं.

आमची शिडीची खूण तासली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आईने चिपा वेचून एप्रनात घेतल्या होत्या. बाबांचा दोर तुटला, तो तू धरला होतास, त्यात कुणाचा दोष नव्हता. पण घरात पुरुष उरला नाही. त्या हिवाळ्यात ताई रोज आम्हाला दूध आणून द्यायची.

दोराचा सोमवार यंदा सत्तावीस मेला आहे. तू ये. आणि गावाचा इतिहास तुला तुझ्या आजोबांनी सांगितलेला असेल, तो लिहून पाठव.

तुझा,
टेओडुल

*

नेपल्स, ११ एप्रिल १८५०

टेओ पोरा,

तू इतकं स्वच्छ लिहितोस की वाचण्याआधी हात धुवावेसे वाटतात.

इतिहास हवा? घे. प्लेगने गावात अकरा माणसं ठेवली होती. खालच्या गावाचे लोक आपली कुरणं घ्यायला वर आले. अकरा जणांनी त्यांना जेवू घातलं आणि झोपायला मेलेल्यांची पांघरुणं दिली. पुढच्या वर्षी खालच्या गावात एकही पाळणा हलला नाही.

मग पाट. पन्हळी टांगताना सात जण कड्यावरून पडले. आठवा पडला नाही, त्याला पाडलं. कुरणासाठी मेव्हण्याने मेव्हण्याचा दोर सोडला. गावाने त्या मेव्हण्याला त्याच कड्यावरून खाली फेकलं आणि मग नियम केला. तुझ्या मरणाने ज्याचा फायदा, त्याच्याच हातात तुझा दोर. आणि त्याने सोडला तर त्याचंही पाणी गेलं. आजोबा म्हणायचे, चर्च नंतर आलं, हा नियम आधीचा.

नव्याण्णव साली फ्रेंच आले. नऊ घरं जाळली. माझ्या आजीने एका सैनिकाला गवताच्या काट्याने दाराला टाचला. तो संध्याकाळपर्यंत आईला हाका मारत होता आणि आजी आत पीठ मळत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी चर्चच्या सेवकाला घंटेच्या दोराने टांगलं. तो हलत होता तोवर घंटा वाजत होती.

हे सगळं लिही. ‘शांतताप्रिय’ वगैरे लिहू नकोस.

आणि इग्नाझला सांग, मॉरित्झ येतोय. इथे रस्त्यात रचलेल्या अडथळ्यांवर चढून मी माणसं भोसकली आहेत. संगीन बरगड्यांत अडकली की छातीवर पाय ठेवून ओढावी लागते. त्याच्यासाठी मी संगीन घेणार नाही, हातच पुरतील. सोमवारच्या आधी मी हाल्डमाटात असेन. तोवर फिलोमेनाला म्हणावं, पाटाची कुदळ दाराशी ठेव.

तुझ्या बाबांचं लिहिलंस. ते लिहायची गरज नव्हती.

मॉरित्झ

*

हाल्डमाट, शनिवार, २७ एप्रिल १८५०

मॉरित्झदादा,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. ताईला वाचून दाखवलं. संगिनीचं तिने दोनदा वाचायला लावलं.

इतिहासासाठी कागदावर चारच ओळींची जागा आहे. मी लिहिलं: ‘गावाने पूर्वी साथी व परचक्र सोसले. लोक शांत व कष्टाळू आहेत.’ राग मानू नकोस.

गुरुवारी मी रुप्पेनकडे गेलो आणि तुझा निरोप सांगितला. माझी चूक अशी झाली की शब्दन् शब्द सांगितला. छातीवर पाय ठेवण्यासकट, त्याच्या तिन्ही मुलांसमोर. रुप्पेन चीज कापत होता. म्हणाला, “येऊ दे. त्याचा दोर मीच धरणार आहे.”

शुक्रवारी सकाळी ताईची शेळी तिच्याच दाराला टांगलेली होती, जिवंत, मागचे दोन्ही पाय मोडलेले. ती ओरडत नव्हती, नुसती जीभ हलवत होती. ताईने कुदळीने तिला संपवलं आणि तीच कुदळ घेऊन ती रुप्पेनच्या अंगणात गेली. मी देवळाकडून येत होतो, मागे धावलो. थोरला मुलगा लोरेन्झ लाकूड फोडत होता.

“काय फिलोमेनाबाई,” तो म्हणाला, “आज मटण का?”

तिने कुदळ उचलली. त्याने हात ओंडक्यावर टेकवून उडी मारायला पाहिलं. उजव्या हाताची दोन बोटं ओंडक्यावरच राहिली. एक बोट थोडा वेळ हलत होतं. ताई नंतर मला म्हणाली, “मी डोक्यावरच घालणार होते रे. शेळीच्या रक्ताने मूठ घसरली.”

मग रुप्पेन बाहेर आला. त्याने तिला केसांना धरून पाडलं आणि लाकडी बुटाने तोंडावर मारलं. किती वेळा ते मी मोजलं. अकरा. पाद्रीबाबांनी ओढून काढलं तेव्हा तिच्या डाव्या गालाचं हाड आत गेलेलं होतं. तीन दात मी अंगणातून वेचून आणले. का आणले ते मला माहीत नाही.

मी कुंपणाशी उभा होतो. काहीच केलं नाही. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

जिल्ह्याला कुणी कळवलेलं नाही. कळवायचं काम माझंच आहे.

म्हाताऱ्या कारकुनाला मी नियम विचारला. घरधनी येऊ शकत नसेल, तर त्याने स्वतःच्या हाताने आपली खूण कागदावर काढून दुसऱ्याच्या नावे द्यायची. तो माणूस त्या घरचा धरला जातो. तुला रजा नाहीच मिळाली, तर कावळ्याचा पाय काढ आणि खाली माझं नाव लिही. मी कधी कड्यावर उतरलेलो नाही. गिरणीच्या पुलावरून खाली पाहिलं तरी मला उलटी होते. म्हणून तू येच.

टेओडुल

*

नेपल्स, १२ मे १८५०

टेओ,

रजा नाही. कर्नल सोडत नाही.

खाली माझ्या हाताने कावळ्याचा पाय काढला आहे आणि तुझं नाव लिहिलं आहे. दोर कमरेला बांधू नकोस, मांड्यांतून घे. खाली पाहू नकोस. वर, धरणाऱ्याच्या हातांकडे तर मुळीच पाहू नकोस. समोरच्या लाकडाकडे पाहा.

इग्नाझ सोडणार नाही. सोडला तर विळा तासला जाईल, आणि त्याला तीन पोरं आहेत.

फिलोमेनाचा चेहरा कसा आहे ते लिही.

मॉरित्झ

*

नेपल्स, १५ मे १८५०

टेओ,

तीन दिवसांपूर्वीचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. कड्यावर जाऊ नकोस.

रजा मी मागितलीच नव्हती. दोन वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला इथल्या एका रस्त्यात वरच्या गच्चीवरून संगमरवरी टेबल खाली आलं आणि माझा उजवा पाय गुडघ्यापासून गेला. मी पलटणीचे बूट शिवतो. दुसऱ्यांचे, दोन्ही पायांचे. कड्यावर मी काय उतरणार?

पण पाय असता तरी मी आलो नसतो, टेओ. तुझ्या बाबांचा दोर तुटला नव्हता.

वरून दगड आले. एक माझ्या खांद्याला लागला आणि मी डोकं झाकायला हात वर नेले. दोन्ही हात. दोर माझ्या पायांवरून सळसळत गेला. मी सगळ्यांच्या आधी खाली पोचलो. तुझे बाबा जिवंत होते. पाठ मोडली होती, बोलता येत नव्हतं, डोळे उघडे होते. त्यांच्यासमोर बसून मी दोर कापला, कापलेली टोकं दगडाने ठेचून पिंजली, आणि वरचा तुकडा हातात घेऊन ‘तुटला, तुटला’ ओरडत वर आलो. ते बघत होते. लोक पोचले तेव्हा ते गेले होते.

काठीवर तासायला हवी होती आमची खूण. तासली तुमची. तुमचं बुधवारचं पाणी आमच्या कुरणात आलं आणि त्या गवतावरचं दूध फिलोमेना तुम्हाला देत होती. तिला यातलं काही ठाऊक नाही. वर्षभराने मी पलटणीत नाव घातलं.

त्या खुणेसाठी तू लटकू नकोस. जाऊ दे पाणी.

मॉरित्झ

*

हाल्डमाट, रविवार, २ जून १८५०

मॉरित्झदादा,

तुझं पहिलं पत्र पंचवीस तारखेला आलं, दुसरं तीस तारखेला. सोमवार दोन्हींच्या मधे होता.

कावळ्याचा पाय मी काठीशेजारी ठेवून सगळ्यांना दाखवला. म्हाताऱ्या कारकुनाने बोटांनी शाई चाचपली आणि म्हणाला, “बिट्टेलचीच.” रुप्पेन मला म्हणाला, “चला कारकूनसाहेब. तुमचं वजन किती? शाईसकट सांगा.”

आमचा वाटा कोपऱ्यापलीकडच्या पन्हळींचा, तो तुला माहीत आहे. तिथून बाकीचे दिसत नाहीत. वर रुप्पेन, खाली मी आणि खिळे आणून द्यायला ताई. तिचा चेहरा तू विचारला होतास. डावा डोळा आता खाली बसला आहे, त्यामुळे ती काय बघते आहे ते समोरच्याला कळत नाही. सोमवारी ते उपयोगी पडलं.

मी मांड्यांतून दोर घेतला. समोर लाकडाकडे पाहिलं. दोन खिळे नीट बसले. तिसऱ्याच्या वेळी दोर हातभर सुटला आणि परत ताणला गेला.

वरून रुप्पेन म्हणाला, “घाबरलास? घसरतो कधीकधी.”

पुन्हा हातभर. मग दोर इकडून तिकडे सरकू लागला, करवतीसारखा. कड्याच्या धारेवर तो घासत होता. माझ्या तोंडावर तागाचा भुसा पडला.

“दोर तुटतात रे पोरा,” तो म्हणाला. “तुझ्या बापाचाही तुटला होता. तुटल्याला खूण तासत नाहीत.”

त्याला खरं माहीत नव्हतं. माहीत असतं, तर तुमच्या पाण्यासाठी तो बारा वर्षं थांबला नसता.

मी ओरडायला हवं होतं. मी नियमाचा विचार करत होतो, की घासला म्हणजे सोडला असं धरतात का.

पुढचं ताईने सांगितलं. रुप्पेनला मारलं असतं तर दोर त्याच्याबरोबर गेला असता. म्हणून तिने खिळ्यांची टोपली खाली ठेवली, त्याच्या मागे पडलेलं दोराचं मोकळं टोक उचललं आणि लार्चच्या बुंध्याला तीन वेढे देऊन गाठ मारली. त्याला वाटलं ती रडत बसली आहे. मग तिने कुदळ घेतली. या वेळी मूठ कोरडी होती.

मला टरबूज आपटल्यासारखा आवाज आला. रुप्पेन माझ्या अगदी जवळून खाली गेला. त्याच्या कोटाचं बटण माझ्या कानाला लागून कान फाटला. तो ओरडला नाही, त्याला ओरडायला काही उरलं नव्हतं. माझा दोर दोन माणसांच्या उंचीइतका खाली आला आणि थांबला. तीन पेडांतला एक शिल्लक होता. मी पन्हळीच्या आडव्या वाशाला मिठी मारली आणि त्यावरून सरपटत वाटेवर आलो. पँट ओली झाली होती. तेही लिहितो.

लोक धावत आले तोवर ताईने झाडाची गाठ सोडली होती.

“इग्नाझ?”

“पडला,” ती म्हणाली.

म्हाताऱ्या कारकुनाला हात धरून आणलं. त्याने दोर बोटांमधून सरकवला, घासलेल्या जागी थांबला, एक पेड मोजला. मग लार्चच्या सालीवरून हात फिरवला. मग ताईजवळची कुदळ चाचपली, बोटं नाकाशी नेली.

“पोरी,” तो म्हणाला, “कुदळ धू.”

तेवढंच. संध्याकाळी देवळासमोर ठरलं की कावळ्याचा पाय राहील, कारण बिट्टेलांचा पुरुष उतरला. आणि विळाही राहील, कारण दोर सुटला नाही, माणूस सुटला. मृत्यूच्या नोंदीत मी लिहिलं: रुप्पेन इग्नाझ, वय चोपन्न, सामायिक कामात कड्यावरून पडून. जिल्ह्याच्या कागदावर दुरुस्ती केली: लोकसंख्या १४२, अक्षरी एकशे बेचाळीस. ‘लोक शांत व कष्टाळू आहेत’ हे खोडलं नाही.

गुरुवारी ख्रिस्ताच्या पवित्र देहाचा सण होता. पाटातल्या चाकावर चालणारा पाणहातोडा पहाटेपासून ठोकत होता, म्हणजे पाणी व्यवस्थित येत होतं. मिरवणुकीनंतर तुझं पत्र मिळालं. ताई कुरणात गुडघाभर पाण्यात उभी होती. मी कुंपणावर बसून आधी मनात वाचलं, मग मोठ्याने.

पायाचं वाचलं तेव्हा ती रडली. “एवढ्यासाठी लपत होता? वेडा कुठला. एका पायाचा भाऊ मला चालला नसता का?” मग म्हणाली, “आणखी काय लिहिलंय?”

“इतकंच.”

कुणाचं पत्र वाचताना काही गाळलं, असं माझ्या हातून पहिल्यांदाच झालं.

काठी माझ्या कपाटात असते. गुरुवारी मी ती मांडीवर घेऊन बसलो. शिडी होती ती जागा अजून खोलगट लागते. तिच्याखाली कावळ्याचा पाय. नियमाप्रमाणे तो तासायला हवा, आणि नियम मीच जिल्ह्याला लिहून पाठवला आहे. चाकूही काढला होता. पण ती खूण आता तुझी नाही. ज्या बाईने नियम मोडून माझा दोर झाडाला बांधला, तिची आहे. मी काठी परत ठेवली.

बाबांचे डोळे उघडे होते, हे तू लिहिलं नसतंस तर बरं झालं असतं. तुझ्याबद्दल मला काय वाटतं ते लिहायला तीनदा बसलो. तुझे हात उघडले. कुंपणाशी माझे मिटलेलेच राहिले. याच्या पुढे मला लिहिता येत नाही.

आता कामाचं. परवा लोरेन्झ रुप्पेन आला. घरधनी म्हणून त्याचं नाव नोंदवायचं होतं. मी लिहीत असताना त्याने उजवा हात टेबलावर पसरून ठेवला, तीन बोटांचा.

“टेओ, पुढच्या साली तुझा दोर मी धरायचा ना?”

“नियमाप्रमाणे, हो.”

“मग जरा खात जा. बा म्हणायचा, तू इतका हलका की दोरावर माणूस आहे की नाही ते हाताला कळत नाही.” मग नाव नीट लिहिलंय का ते त्याने वाकून पाहिलं, आणि ताईने माझ्यासाठी ठेवलेलं दूध उभ्या उभ्या पिऊन गेला.

मी उतरणार आहे. ताईने नवा दोर वळायला घेतला आहे, चार पेडांचा. तरी तू एक कर. दुसऱ्या एका कागदावर कावळ्याचा पाय काढून आत्ताच पाठवून दे, म्हणजे मी पडलो तर त्याच्या पुढच्या साली टपालाची वाट बघावी लागणार नाही. खाली नावाची जागा कोरी सोड.

तुझा,
टेओडुल